सिझरनंतर पोट दुखतंय? आधी दुखणं ओळखा, मग क्रमाने कमी करा

सिझर झालेल्या बाईला 'काय दुखतंय?' विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं, 'पोट.' त्या एका शब्दात चार-पाच निरनिराळी दुखणी दडलेली असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. गॅसची कळ आली म्हणून पडून राहिलं तर ती वाढते. टाके ठणकत असताना गोळी न घेता चालायला गेलं तर दोन पावलांत परत फिरावं लागतं.

बाळंतिणींच्या वॉर्डात काम करताना मला हे रोज दिसतं. उपाय बहुतेकींना माहीत असतात, पण क्रम उलटा होतो. आधी दात-ओठ खाऊन सहन करायचं, अगदीच असह्य झालं की गोळी मागायची आणि गोळी लागू पडली की त्या आरामात झोपून राहायचं. उठायची, चालायची वेळ नेमकी तीच असते. ती झोपेत गेली की पुढच्या वेळी उठताना पुन्हा तेच हाल होतात.

पुढचा क्रम पहिल्या दिवसापासून साधारण सहा आठवड्यांपर्यंतचा आहे. तुमच्या डॉक्टरांनी तुमच्यापुरती वेगळी सूचना दिली असेल, तर तीच पाळा.

## १. कोणतं दुखणं आहे ते आधी ठरवा

हात पोटावर ठेवा आणि स्वतःला विचारा: कुठे दुखतंय, कशाने वाढतंय, सतत आहे की येऊन-जाऊन?

टाक्यांचं दुखणं. वरून १० ते १५ सेंटिमीटरची रेघ दिसते. तिच्याखाली त्वचा, चरबी, स्नायूंवरचं चिवट आवरण, पोटाच्या पोकळीचं अस्तर आणि गर्भाशय अशा एकाखाली एक थरांतून वाट काढलेली असते. पोटाचे उभे स्नायू सहसा कापत नाहीत, मधून दोन्हीकडे सारतात. त्यामुळे पडल्या पडल्या फारसं काही जाणवत नाही आणि उठताना, खोकताना, हसताना मात्र टाक्यांना ओढ बसते. छेदाच्या एका टोकाला जास्त दुखणंही नेहमीचंच आहे.

गर्भाशयाची कळ. बेंबीखाली मुरडल्यासारखी कळ येते आणि थोड्या वेळाने ओसरते. बाळ अंगावर पिताना ती हमखास वाढते, कारण दूध उतरवणारं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक गर्भाशयालाही आकुंचित करतं. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात ही कळ जास्त तीव्र असते. काही दिवसांत ती आपोआप थांबते.

गॅसचं दुखणं. पोट फुगतं, ताणल्यासारखं वाटतं आणि कळ जागा बदलत फिरते. कधी खांद्याच्या टोकाशी दुखतं. पोटात राहिलेली हवा किंवा रक्त श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला डिवचतं, आणि ते दुखणं खांद्यात जाणवतं.

तुंबलेली लघवी. ओटीपोटात, छेदाच्या वरच्या अंगाला दाब आणि अस्वस्थपणा. हे फार वेळा टाक्यांच्या खात्यावर जमा होतं.

बद्धकोष्ठ. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पोट जड, खाली दाब. लोहाच्या गोळ्या आणि तीव्र वेदनाशामकं यात भर घालतात.

तपासा: आत्ताचं दुखणं यांपैकी कोणतं, हे एका वाक्यात सांगता येतंय का? 'उठताना डाव्या टोकाला ओढ बसते' असं सांगितलंत तर तुम्हाला मदत लवकर मिळेल.

## २. ही लक्षणं असतील तर पुढचं वाचू नका, दवाखाना गाठा

- ताप ३८ अंश सेल्सिअस म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त, किंवा हुडहुडी
- दुखणं आधी कमी होऊन पुन्हा वाढत जाणं
- जखमेभोवती पसरत जाणारी लाली, कडक सूज, पू, वास, किंवा टाका उसवणं
- अंगावरून जाणाऱ्या स्त्रावाला घाण वास
- तासाभरात जाड पॅड पूर्ण भिजणं, किंवा मोठ्या गाठी पडणं
- पोट टम्म फुगणं, उलट्या, आणि गॅसही न सरणं
- लघवी न होणं, किंवा लघवीला जळजळ आणि पाठीत कळ
- एका पोटरीत दुखणं आणि सूज, धाप लागणं, छातीत दुखणं
- उजव्या बरगड्यांखाली दुखणं, त्यासोबत जोराची डोकेदुखी किंवा नजरेसमोर अंधारी, ठिपके

शेवटच्या लक्षणाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. 'पित्त झालं असेल' म्हणून ते सोडून दिलं जातं. बाळंतपणानंतरही पुढचे काही आठवडे रक्तदाब धोक्याच्या पातळीला जाऊ शकतो, गरोदरपणी तो एकदाही वाढलेला नसला तरी. तिथे वाट पाहायची नाही. धाप आणि छातीतल्या दुखण्याचंही तसंच. रात्र असली तरी निघायचं.

## ३. उठण्याआधी खाट मांडून घ्या

कित्येकदा दुखणं वाढतं ते एखादी वस्तू घ्यायला अंग पिळवटल्यामुळे. पाणी, फोन, गोळ्या, पॅड, बाळाचे कपडे हे सगळं झोपल्या जागेवरून कोपर न ताणता हाताला येईल असं ठेवा. बाळाचा पाळणा ज्या कुशीवरून तुम्ही उठता त्याच बाजूला हवा. पाय टेकवायला बसकं स्टूल असू द्या. घट्ट पण मऊ अशी एक उशी, नाहीतर टॉवेलची घडी कायम जवळ ठेवा. ती पुढे प्रत्येक पायरीला लागणार आहे. आतले कपडे सुती आणि उंच कमरेचे घ्या, म्हणजे इलास्टिक छेदावर बसणार नाही.

आणि एक कागद घ्या. त्यावर तीन रकाने आखा: वेळ, गोळीचं नाव, उठले का. रात्रीत तीनदा जागं झाल्यावर शेवटची गोळी कधी घेतली हे कुणाच्याच लक्षात राहत नाही. मग एकतर वेळ चुकते, नाहीतर गोळी दोनदा जाते.

## ४. गोळी घड्याळ पाहून घ्या

पहिले तीन-चार दिवस वेदनाशामक ठरल्या वेळेला घ्यायचं, दुखत असो वा नसो. दुखणं एकदा भडकलं की ते खाली आणायला वेळही जास्त लागतो आणि औषधही.

साधारणपणे पॅरासिटामॉल, आणि जोडीला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखं सूज कमी करणारं औषध देतात. दोघांचं काम वेगळ्या वाटेने चालतं, म्हणून एकत्र दिल्यावर परिणाम चांगला होतो. मात्रा आणि वेळा चिठ्ठीप्रमाणेच ठेवा. पॅरासिटामॉल सगळं मिळून २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नाही. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर ही मर्यादा आणखी खाली येते. आयबुप्रोफेन काहीतरी खाल्ल्यावर घ्या.

'दुधातून बाळाला जाईल' या भीतीने गोळी टाळणाऱ्या आया मला फार भेटतात. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दुधात अगदी अल्प उतरतात आणि स्तनपान चालू असताना चालतात. दुखण्यामुळे नीट बसता आलं नाही, पाजणं लांबलं, तर बाळाचं नुकसान जास्त होतं. कोडीन या तीव्र वेदनाशामकाबद्दल मात्र सावध राहा. काही जणींच्या शरीरात त्याचं मॉर्फिनमध्ये रूपांतर फार वेगाने होतं आणि ते दुधातून बाळापर्यंत पोहोचतं. ट्रॅमाडॉलही स्वतःच्या मनाने घ्यायचं नाही. डॉक्टरांनी असं एखादं औषध दिलं असेल आणि बाळ सुस्त वाटत असेल, प्यायला उठत नसेल, श्वास वेगळा वाटत असेल, तर लगेच दाखवा. दुखण्यावर ॲस्पिरिनही नको.

सावध: दोन चुका नेहमी होतात. पहिली, सर्दीच्या किंवा 'कॉम्बिनेशन'च्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं हे न पाहता वरून वेगळी गोळी घेणं. दुसरी, आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक एकाच वेळी घेणं. मूत्रपिंडाचा त्रास, पोटात अल्सर, दमा किंवा गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब असेल, तर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

तपासा: गोळी घेऊन तासभर झाल्यावर खोल श्वास घेता येतो का? उशी धरून खोकता येतं का? उठून बसता येतं का? तिन्ही जमलं तर औषध पुरतंय. शून्य दुखणं हे ध्येय ठेवू नका. यातलं एकही जमत नसेल, तर 'सहन होतंय' असं म्हणू नका, नर्सला सांगा.

## ५. गोळीनंतर ३० ते ६० मिनिटांनी उठा

मणक्यातल्या भुलेचा असर उतरून पाय नीट हलू लागले आणि डॉक्टरांनी होकार दिला की पहिल्याच दिवशी उठायचं असतं. पहिल्यांदा एकटीने कधीच नको, चक्कर येऊ शकते. तोवर पडल्या पडल्या घोटे वर-खाली करत राहा. पायातलं रक्त फिरतं राहतं.

उताणं झोपून सरळ उठून बसायचा प्रयत्न, ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. सगळा भार पोटाच्या स्नायूंवर येतो. असं उठा:

१. उताणं असतानाच एकेक गुडघा वाकवा, तळवे गादीवर टेकवा.

२. एक हात उशीसकट छेदावर ठेवा. खांदा, कंबर आणि गुडघे एकाच वेळी फिरवून कुशीवर वळा, एखादा ओंडका लोळवावा तसं. आधी खांदे आणि मग कंबर असं केलंत तर पीळ बसतो.

३. खाटेच्या काठापर्यंत सरका. दोन्ही पाय काठावरून खाली सोडा.

४. खालचं कोपर आणि वरच्या हाताचा तळवा गादीत रोवा. तोंडाने हळू श्वास सोडत हातांच्या जोरावर वर या. पायांचं वजन खाली जातं तेव्हा धड आपसूक वर येतं, पोटाला काम पडत नाही.

५. काठावर मिनिटभर बसा. डोळ्यांपुढे अंधारी आली तर पुन्हा आडवं व्हा.

६. पाय मागे घ्या, थोडं पुढे झुका, मांड्यांच्या जोरावर उभं राहा. मग खांदे मागे.

इथेच बहुतेक जणी चुकतात आणि वाकून चालू लागतात, असं मला वॉर्डात दिसत राहतं. टाके तुटतील या भीतीने कंबरेत वाकलं की पाठ दुखायला लागते आणि छेदाभोवती सगळं आखडतं. ताठ उभं राहिल्याने टाके उसवत नाहीत. पहिल्यांदा खाटेपासून दारापर्यंत, पुढच्या वेळी थोडं जास्त. दिवसातून एकदा लांब फेरी मारण्यापेक्षा चार-पाच छोट्या फेऱ्या बऱ्या. झोपताना हाच क्रम उलटा: बसा, कुशीवर टेका, पाय वर घ्या, मग उताणं व्हा.

खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की गुडघे वाकवा आणि दोन्ही तळव्यांनी उशी छेदावर दाबून धरा. खोकला दाबायचा नाही. कफ साठला की पुढचा खोकला आणखी जोरात येतो.

## ६. गॅसची कळ

गॅस हलतो तो तुम्ही हललात की. म्हणूनच हा भाग चालण्यानंतर आला.

चालून आल्यावर गुडघे वाकवून पडा आणि दोन्ही गुडघे जोडीने सावकाश डावीकडे-उजवीकडे झुलवा, टाक्यांना ओढ बसायच्या आत थांबा. मग डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन. डॉक्टरांनी खायला परवानगी दिल्यावर थोडं थोडं, सावकाश चावून खा. फसफसणारी पेयं आणि स्ट्रॉ दोन्ही टाळा, त्यातून हवाच पोटात जाते. च्युइंग गम चघळल्याने सिझरनंतर आतडी लवकर कामाला लागतात, हे अभ्यासांत दिसलं आहे. जेवणांच्या मधल्या वेळेत १५ ते ३० मिनिटं पुरे.

गॅस सरताना लाजू नका, दाबून धरू नका. आतडी सुरू झाल्याची ती खूण आहे.

## ७. लघवी आणि शौच

लघवीची नळी काढल्यावर सहा तासांच्या आत लघवी व्हायला हवी. नाही झाली, किंवा थेंब थेंब होऊन पोट भरलेलंच वाटलं, तर सांगा. भुलेनंतर संवेदना पुरती येत नाही, म्हणून लागली नसली तरी दर तीन तासांनी जाऊन या. भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला वर ढकलतं. मग कळही वाढते आणि रक्तस्रावही.

शौचाला बसताना पाय स्टुलावर ठेवा म्हणजे गुडघे कंबरेच्या वर येतील. पुढे झुका, कोपरं मांड्यांवर टेकवा, एका हाताने टॉवेलची घडी छेदावर धरा. कुंथायचं नाही, तोंड उघडं ठेवून श्वास सोडत राहा. भरपूर पाणी, तंतुमय आहार, चालणं हे तर आहेच. तरीही तिसऱ्या दिवसापर्यंत झालं नाही तर शौच मऊ करणारं औषध मागून घ्या. कडक शौचाच्या भीतीने खाणं कमी करणं हा उपाय नव्हे, त्याने बद्धकोष्ठ वाढतं.

## ८. पाजण्याआधी दोन मिनिटं तयारी

गर्भाशयाची कळ पाजतानाच येणार, हे धरून चला. आधी लघवीला जाऊन या. गोळीची वेळ जवळ आली असेल तर आधी गोळी. कळ आली की खांदे खाली सोडा आणि लांब श्वास सोडा. एकेक लाट ओसरते.

बाळाचं वजन छेदावर येऊ द्यायचं नाही. मांडीवर उशी, तिच्यावर बाळ. किंवा बाळाला काखेखाली घ्या, त्याचे पाय तुमच्या पाठीकडे. रात्री कुशीवर झोपून पाजणं सर्वांत सोपं जातं, पण डोळा लागायच्या आत बाळाला त्याच्या जागी ठेवायला दुसरं कुणी जागं असावं. बाळ उचलून हातात देण्याचं काम पहिले काही दिवस दुसऱ्यानेच करावं.

## ९. जखम, शेक आणि पट्टा

आंघोळीत जखमेवरून साबणाचं पाणी वाहू द्या, चोळू नका. स्वच्छ कपड्याने टिपून कोरडी करा. पोटाची घडी छेदावर पडत असेल तर दिवसातून दोनदा आडवं होऊन घडी वर उचला आणि खालची जागा कोरडी आहे ना ते पाहा. ओल राहते ती तिथेच. पावडर, हळद, तेल, मलम असलं काही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावू नका.

गर्भाशयाच्या कळेला गरम पिशवी बेंबीजवळ किंवा कंबरेला, कपड्यात गुंडाळून. छेदावर मात्र गरम शेक नको. छेदाभोवतीची कातडी काही महिने बधिर असते, भाजल्याचं कळतच नाही. टाके ठणकत असतील तर कापडात गुंडाळलेली थंड पिशवी १० ते १५ मिनिटं ठेवा. पिशवीमुळे जखम ओली होऊ देऊ नका.

पोटाच्या पट्ट्याने उठता-चालताना आधार मिळतो आणि बऱ्याच जणींना दुखणं कमी वाटतं. पण त्याने पोट आत जात नाही. पट्टा आणि पोट यांच्यामध्ये हाताचा पंजा सहज सरकला पाहिजे. श्वास अडत असेल, खाली दाब वाटत असेल, तर तो फार घट्ट आहे. झोपताना काढा.

## १०. घरी आल्यावरचे सहा आठवडे

वरची कातडी आठवडा-दोन आठवड्यांत जुळते आणि फसवते. आतल्या चिवट आवरणाला पूर्वीची ताकद यायला कित्येक महिने लागतात. दहाव्या दिवशी बरं वाटलं म्हणून भरलेली बादली उचलली आणि रात्री कळवळत फोन केला, असं फार वेळा घडतं. सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही. मोठं मूल असेल तर ते तुमच्या कुशीत येऊ दे, तुम्ही खाली बसा. जिने चढायला हरकत नाही, सावकाश, कठडा धरून. पोटाचे जोराचे व्यायाम आत्ता नकोत. श्वास सोडत ओटीपोट हलकेच आत ओढणं आणि नळी निघाल्यावर लघवी रोखून धरल्यासारखे तळाचे स्नायू आवळणं-सोडणं एवढं पुरे.

गोळ्या एकदम बंद करू नका. आधी तीव्र गोळी थांबवा, मग आयबुप्रोफेनसारखी, शेवटी पॅरासिटामॉल.

तपासा: दर दोन दिवसांनी कागदावर पाहा. गोळ्या कमी आणि चालणं जास्त होत असेल तर गाडी रुळावर आहे. दोन आठवड्यांनंतरही गोळीशिवाय उठवत नसेल तर दाखवून या.

## ११. जखम भरली, तरी दुखतंय

सहा आठवड्यांनी, डॉक्टरांनी जखम पाहिल्यावर, व्रणावर बोटं ठेवून कातडी हलकेच वर-खाली, आडवी सरकवा, रोज पाचेक मिनिटं. व्रण खाली चिकटल्यामुळे येणारी ओढ हळूहळू सैल होते.

तीन महिन्यांनंतरही दुखणं राहिलं तर त्याला सिझरचं नेहमीचं दुखणं म्हणून सोडून देऊ नका. व्रणाच्या टोकाशी चटका बसल्यासारखं किंवा विजेसारखं होत असेल, तर तिथली बारीक नस अडकलेली असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. उभं राहिल्यावर किंवा खोकताना फुगवटा येत असेल तर हर्निया तपासावा लागतो. व्रणाजवळ गाठ लागत असेल आणि ती दर पाळीला दुखत असेल, तर गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी व्रणात रुजल्या असण्याची शक्यता असते. अशा वेळी दुखल्याच्या तारखा पाळीच्या तारखांशेजारी लिहून ठेवा. दोन-तीन महिन्यांची ती नोंद पुढे केलीत की डॉक्टरांना कोणती तपासणी करायची ते ठरवणं सोपं जाईल.